आचारी बैलाचं वशिंड

सुप्याच्या एका कारखान्यात मी रंगखात्यात तपासनीस आहे. रंगून आलेला पत्रा दिव्याखाली तिरका धरायचा, त्यावर फोड, ओघळ, धुळीचा कण असं काही सापडलं की लाल खूण करून परत पाठवायचा, हे माझं काम. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझी नजर कायमची वाकडी झाली आहे, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो की मला आधी भिंतीवरचा ओघळ दिसतो. नुसता दिसून भागत नाही, तो मी घरमालकाला बोट लावून दाखवतो. त्यामुळे आम्हाला वास्तुशांतीची बोलावणी आता फारशी येत नाहीत.

असा माणूस रविवारी काय करत असेल? घरी बसून पुन्हा रंगच देतो, फक्त पत्र्याऐवजी बोटाएवढ्या पुतळ्यांना. राक्षस, चेटकिणी, दाढीवाले बुटके, पंख फुटलेली माकडं असे हे पुतळे असतात. ते कुरिअरने राखाडी रंगात येतात आणि आपण डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशने त्यांना रंगवायचं. मोठमोठी माणसं ते टेबलावर मांडून लढाया खेळतात म्हणे. मी खेळत नाही. सुप्यात माझ्याशी चेटकीण-चेटकीण खेळणार कोण? फोनवर आमचा एक गट आहे. त्यावर आपण फोटो टाकायचा, लोकांनी त्यात चुका काढायच्या, मग आपण त्यांच्या फोटोत चुका काढायच्या, एवढ्यावर माझा रविवार सुखात जातो.

त्या उन्हाळ्यात मी एक बैलतोंड्या मागवला होता. तोंड बैलाचं, धड माणसाचं, पाय पुन्हा बैलाचे. असले बैलतोंडे राक्षस पुष्कळ मिळतात, पण सगळ्यांच्या हातात कुऱ्हाड असते आणि सगळे चिडलेले असतात. माझा बैलतोंड्या आचारी होता. कमरेला एप्रन, उजव्या हातात पळी, डाव्या हातात पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरलेलं, पाठीला भली मोठी कढई बांधलेली. तोंड उघडं होतं, बहुतेक आमटीची चव घेत असावा. उंचीला माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जास्त. बायकोने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चला, या घरात एक तरी पुरुष पळी धरणारा आला."

मी त्याला एका औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवला, राखाडीवर काळ्या रंगाचा एक हात मारला, आणि त्याच आठवड्यात दादा आमच्याकडे राहायला आले.

दादा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळ आमची वस्ती आहे, तिथे ते एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आदल्या वर्षी त्यांनी बैल विकले, कारण नांगरट आता ट्रॅक्टरवाला येऊन तासाभरात करून जातो. त्यानंतर त्यांना करायला काही उरलं नाही. मेमध्ये बांधावर चक्कर येऊन पडले, शेजाऱ्यांनी उचलून आणलं, डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितलं की यापुढे यांना एकटं ठेवू नका. मी गाडी घेऊन गेलो आणि जवळजवळ भांडूनच त्यांना सुप्याला आणलं.

"पोळ्यापर्यंत ऱ्हातो," गाडीत बसताना ते म्हणाले. "पोळा झाला की मी माझ्या घरी."

"पोळ्याला तिथं काय आहे आता, दादा?" असं मी विचारलं. दावण रिकामी होती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यावर त्यांनी खिडकीची काच वर केली. पुढे सुप्यापर्यंत शब्द नाही.

घरी आल्यावरही तेच. सकाळी "चा", दुपारी "पुरे", संध्याकाळी "दिवा लाव". दिवसाला दहा-बारा शब्द. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्त्यावरचे कंटेनर बघत बसायचे. एरवी हा माणूस बैलबाजारात उभा राहिला की पाच गावचे लोक भोवती गोळा व्हायचे. कुणाला बैल घ्यायचा असला की आधी दादांना बरोबर न्यायचे. दादा जनावराभोवती एक फेरी मारायचे आणि त्यातली खोड काढायचे. चालताना मागचा पाय बाहेर टाकतो, खांदा उतरता आहे, डाव्या डोळ्याने बुजतो. मालक हातापाया पडला तरी दादांचा शब्द फिरायचा नाही. आता त्यांना बघायला कंटेनर होते, आणि कंटेनरात खोड काय काढणार? मला भीती वाटायची की हे असेच बसून बसून एक दिवस बोलायचे बंद होतील, नाहीतर पोळा झाला की खरंच त्या वस्तीवर जाऊन पडतील. दोन्हींवर माझ्याकडे इलाज नव्हता.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीजवळच्या उजेडात टेबल लावून बैलतोंड्याच्या एप्रनच्या घड्या रंगवत होतो. डोळ्याला भिंग, जीभ दातांत. मागून आवाज आला.

"ह्यो कुठला?"

मी इतका दचकलो की एप्रनवर रेघ गेली. दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"परदेशातला आहे, दादा."

"तरीच," ते म्हणाले. "वशिंड न्हाई ह्याला."

आता हे मान्य करायला हवं की मी शेतकऱ्याचा मुलगा असूनही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बैलतोंड्याची मान खांद्यात सपाट उतरत होती, उंचवटा म्हणून नव्हता. पण मीही तपासनीस. केलेल्या मालाची बाजू घेणं मला जमतं.

"दादा, हा बैल नाही. राक्षस आहे."

"आसंल की. पन बैलाचा राक्षस हाय ना? मग वशिंड पायजे. बिनवशिंडाची ती जर्सी. जर्सीच्या राक्षसाला कोन भ्यायचं रं?"

गेल्या तीन आठवड्यांत मिळून ते इतकं बोलले नव्हते. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली आणि मला डोळ्यांनी खूण केली की काय वाटेल ते कर, पण त्यांना गप्प होऊ देऊ नकोस.

म्हणून मी वशिंड केलं. पाइपची गळती बुजवायला जी दोन रंगांची पुट्टी मिळते ती मळली, हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी केली आणि दात कोरायच्या काडीने बैलतोंड्याच्या मानेमागे बसवली. दादा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. "मागं न्हाई, म्होरं घे. खांद्याच्या वर. आरं, त्ये टेंगूळ झालं!" मी काढलं, पुन्हा केलं. "ह्ये पोतं ठिवल्यावानी दिसतंय." पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चालंल." कारखान्यात साहेबांनी कधी पाठ थोपटली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. कढई मात्र आता पाठीला टेकेना, वशिंडावर आडवी बसली. फोटो टाकला तर गटातल्या एका गृहस्थाने विचारलं, "मानेवर काय आहे? कणकेचा गोळा?" मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याने आयुष्यात बैल पाहिला नसणार.

तिथून पुढे माझा छंद माझा राहिला नाही. मी कामावरून यायच्या आत दादा टेबल पुसून, पाणी भरून, भिंग लावून बसलेले असायचे. ब्रशला हात लावत नसत, पण नजर बैलावर. पुढच्या आठवड्यात त्यांनी दात काढले.

म्हणजे आधी मोजले. बैलतोंड्याचं तोंड उघडं, त्यामुळे दात दिसत होते, आणि घडवणाऱ्याने ते मोठ्या हौसेने टोकदार केले होते, वर चार आणि खाली आठ. दादांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा चौथीत गेल्यासारखं वाटलं.

"बैलाला म्होरं वरचं दात आस्त्यात का?"

मी म्हणालो, "असतील की."

"न्हाई आसत! वर नुस्ती हिरडी. माझ्या पोटी जन्मून तुला ह्ये ठावं न्हाई?" त्यांनी हाक मारून सुनेलाही सांगितलं. "आगं, तुझा नवरा म्हंतो बैलाला वरचं दात आस्त्यात!" बायको पोटभर हसली. शेजारच्या घरातल्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या, त्यांनाही सांगण्यात आलं. दोन दिवसांनी कारखान्यात चहाच्या टपरीवर एकाने मला सहज विचारलं, "काय हो, बैलाला वरचे दात असतात का?" त्यावरून ही बातमी कुठवर गेली होती याचा अंदाज यावा.

वरचे चार दात मी कानसून काढले. राक्षस थोडा बोळका दिसू लागला. खालचे आठ दादांनी पुन्हा मोजले आणि समाधानाने म्हणाले, "जुळलेला हाय. म्हातारा न्हाई, पन कोवळा बी न्हाई. कामाचा हाय." आठ दात पुरे आले की बैल जुळला म्हणतात. आमचा आचारी ऐन उमेदीत आहे हे त्या दिवशी ठरलं.

रंगावरून खरं भांडण झालं. मला तो निळा करायचा होता, गडद निळा, सावलीला जांभळा आणि कडांवर आकाशी. त्यासाठी मी नवे रंग मागवले होते. दादा ऐकेनात. निळा बैल त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. मी म्हणालो, एप्रन घातलेला बैल तरी कुठे पाहिला होता? ते म्हणाले, एप्रन काढता येतो, कातडी येती का? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण रुसलो आहोत, एका बैलाच्या रंगावरून, चाळिशी ओलांडल्यावर. शेवटी काजळीवर मिटलं. काजळी खिलार म्हणजे पांढऱ्या अंगावर धुरकट छटा असलेला बैल. त्या छटेत मी हळूच थोडा निळा घातला. दादांना तो दिसला, पण त्यांनी दिसला नाही असं दाखवलं.

श्रावण लागला तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. दादा बोलत होते, जेवत होते, एकदा तर त्यांनी खालच्या किराणावाल्याशी बैलाच्या खुरांवर तासभर चर्चा केली. पण पोळ्याचं काही बोलत नव्हते. एक दिवस बायको म्हणाली, त्यांनी पिशवी काढून धोतरं घडी करून ठेवलीत. मी विचारलं तर म्हणाले, "पोळ्याचं सांगितलं हुतं ना तुला? मग?"

त्याच सुमारास त्यांनी भाईंना फोन केला. भाई बैलांचे जुने व्यापारी, नगरला राहतात. दादा आणि ते तीस-चाळीस वर्षं बाजारात एकमेकांसमोर उभे राहिलेले. दादा फोनवर एवढंच म्हणाले, "भाई, एक जनावर दाखवायचंय, या." मी कामावर होतो, नाहीतर थांबवलं असतं. भाई दुसऱ्या दिवशी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, एसटीने आले. डोक्याला टोपी, खांद्यावर रुमाल, हातात बैल हाकायची काठी. आधी खालीच त्यांनी इमारतीच्या पाठीमागे एक चक्कर मारली, पार्किंगमध्ये डोकावले, आणि जिना चढून वर येऊन विचारलं, "मालक, बांधलाय कुठं?"

"आत हाय. टेबलावर."

मला वाटलं आता हे हसतील, नाहीतर चिडतील. एवढ्या वयाचा माणूस एसटीने आला, आणि त्याला आम्ही अंगठ्याएवढा बैल दाखवणार, तोही पळी घेतलेला. भाईंनी काठी दाराशी टेकवली, चष्मा चढवला, बैलतोंड्या झाकणासकट उचलला आणि गॅलरीत उजेडाला नेला. हसले नाहीत. पुढून पाहिला, बाजूने पाहिला, मागून पाहिला. तोंडात बघितलं. "जुळलाय," म्हणाले. दादांनी मान डोलावली. "काजळी. वशिंड गच्च हाय. पाय बी बरं हायत. ही पळी कशापायी?"

"आचारी हाय," दादा म्हणाले.

"आस्सं," भाई म्हणाले, आणि ते पुढच्या तपासणीला लागले. कढईच्या खाली, पाठीवर, त्यांचं बोट थांबलं. "मालक, ही गोम बघितली का?"

पाठीवरचे केस कोरताना घडवणाऱ्याने एक वळण घेतलं होतं, आणि मी तर ते मुद्दाम उठून दिसावं म्हणून कडांना उजळ रंग दिला होता. तीन रविवार गेले होते त्या केसांत. बैलाच्या अंगावर केसांची अशी रेघ उलटी आली तर तिला गोम म्हणतात, आणि ती वाईट जागी असली तर असा बैल कुणी फुकटही नेत नाही.

दादांनी भिंग लावलं. त्यांचा चेहरा उतरला. "व्हय की. माझ्या ध्यानात न्हाई आलं."

"असली गोम मालकाला घर सोडायला लावती," भाई म्हणाले.

मग दादा म्हणाले, "पन मालक कोन? घेतलाय ह्येनं, मी न्हाई."

"घेऊ दे. दावं ज्येच्या हातात त्यो मालक."

"ह्याला दावंच न्हाई."

"मग बघतंय कोन त्याच्याकडं दिवसभर?"

यावर दोघांचा चांगलाच वाद रंगला. मी सांगायचा प्रयत्न केला की ती गोम प्लास्टिकची आहे. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. तेवढ्यात बायको आतून आली. ही बाई विज्ञान शिकवते. घरात लिंबू-मिरची टांगू देत नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन पुढे जाते. तिने माझी बारीक कानस उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ती गोम घासून काढ."

"अगं, तीन रविवार..."

"काढ म्हणते ना."

मी काढली. दोन म्हातारे डोक्यावर उभे, मधे मी, आणि माझ्या हातून माझ्याच कामाचा भुगा टेबलावर पडत होता. भाईंनी फुंकर मारून पाठ साफ केली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता साफ हाय." मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दादांपुढे धरला.

बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबायची, आकडा त्या दोघांतच राहतो. मी लहानपणी हे पाहिलं होतं, पण आमच्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून, माझ्या पुतळ्यासाठी ते चालेल असं कधी वाटलं नव्हतं. रुमालाखाली हात हलत होते. दादा नकाराची मान हलवत होते. भाई "आवं, बघा तरी" म्हणत होते.

"दादा, तो विकायचा नाही हं," मी म्हणालो.

"तू गप ऱ्हा. दोघांच्या मधी बोलू न्हाई."

बऱ्याच वेळाने हात सुटले. भाई उठले, काठी घेतली. "लई धरून बसलं मालक," असं मला म्हणाले, आणि तक्रार असली तरी खुशीत होते. पुरणपोळीचं आमंत्रण त्यांना बायकोने जिन्यातच दिलं. ते गेल्यावर मी दादांना विचारलं, विकायचा नव्हता तर भाव कशाला केला?

"भाव करून घ्यावा," ते म्हणाले. "इकायचा नसला तरी. त्येचा मान ऱ्हातो."

किती झाला होता ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

पोळा आला. रस्त्यावर मातीचे बैल विकायला आले होते, बायकोने ते आणून पाटावर मांडले. दादांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि "माना लई बारीक हायत" म्हणाले. बैलतोंड्याला पाटावर बसवायचं कुणाच्याच मनात आलं नाही. पळी घेतलेल्या माणसाची पूजा करायची नसते, त्याला कामाला लावायचं असतं, असं बायकोचं मत पडलं. तो टेबलावर होता आणि आदल्याच दिवशी पूर्ण झाला होता. त्याची शिंगं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं. बुडाशी हाडाचा रंग, टोकाशी काळा, मधे अकरा पातळ हात, एकात एक विरघळलेले. मला कुठेही डाग दिसतो, पण त्या शिंगांत मलाही काही सापडलं नव्हतं.

दादा अंघोळ करून, नवं धोतर नेसून आले. "तांबडा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"शिंगं रंगवायची. पोळा हाय."

"दादा, ती शिंगं झालीत," मी म्हणालो. "हात लावू नका त्यांना. प्लीज."

माझा आवाज चढला होता. दादांनी पुढे केलेला हात मागे घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले, "बरं" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालून एक ट्रॅक्टर सजवलेली, पण बैल नसलेली ट्रॉली घेऊन, गाणी लावून चालला होता. ते त्याच्याकडे बघत होते. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दर पोळ्याला ते बैलांची शिंगं रंगवायचे, आणि आपण त्यांना अंगठ्याएवढ्या बैलाची शिंगं रंगवू देत नाही.

मी लाल रंग काढला, ब्रश ओला केला, बैलतोंड्या उचलला आणि गॅलरीत नेऊन त्यांच्या हातात दिला. डोळ्याला भिंग लावायचं त्यांनी नाकारलं, म्हणाले आजवर कधी लावलं नाही. डावं शिंग बरं झालं. उजव्याला रंग जास्त लागला आणि एक थेंब कपाळावरून कानापर्यंत उतरला. माझ्या अकरा हातांपैकी एकही उरला नाही. त्यांनी बैल माझ्यापुढे धरला.

"बघ. काय ऱ्हायलं का?"

तो ओघळ चांगला लांबलचक होता. दिव्याखाली न धरताही दिसत होता.

"काही नाही, दादा. बरोबर झालंय."

दुपारी भाई आले, चार पोळ्या जेवले, शिंगं पाहून म्हणाले, "आता बैल वाटतो." त्या फोटोवर गटात कुणीतरी लिहिलं की शिंगांवर रंग सांडला आहे. मी त्या माणसाला गटातून काढून टाकलं. मी गटाचा प्रमुख नाही, पण प्रमुखाला सांगून काढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली होती, त्यांना बेलापूरला सोडायला. बायको सकाळपासून भांडी आपटत होती. मी गाडीची किल्ली हातात घेऊन सोफ्यावर बसलो होतो. राहा म्हणायचं तर ते राहणार नाहीत, आणि न म्हणायचं तर मला जमणार नव्हतं. मी म्हणणारच होतो.

दादा टेबलापाशी उभे होते. बैलतोंड्याकडे बघत.

"ह्येचा दुसरा कवा आनतो?" त्यांनी विचारलं.

"दुसरा कशाला?"

"आरं, एका बैलानं काय व्हतं? जोडी नगं का?" ते माझ्याकडे वळले. "तुला किती दिस लागलं ह्येला?"

"चार महिने."

ते बोटांवर मोजायला लागले. बायकोची भांडी थांबली. मोजून झालं आणि ते सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. "फोन काढ. बघू काय काय हाय बाजारात."

मी फोन काढला. बैलतोंडे एकामागून एक येत गेले. कुऱ्हाडवाला त्यांना नको होता, तो चिडका होता. एकाची शिंगं मागे गेलेली, एकाचे पाय आत वळलेले. पाचवा आला तो झकास होता. आचारीच होता, हातात लाटणं, उंची तीच, शिंगं तशीच, पाय खणखणीत. दादांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. पसंत करायच्या बेतात होते. एक बटण दाबलं की आठवड्यात घरी, आणि चार महिन्यांत तयार.

"खांदा उतरता आहे, दादा," मी म्हणालो. "हा नको घ्यायला. घाई केली की फसतो माणूस."

त्यांनी फोटोकडे बघितलं. खांदा अगदी सरळ होता. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"व्हय," ते म्हणाले. "उतरताच हाय. म्होरचा दाव."